मंडळी, जरा थांबा

आबा, एक गोष्ट तुम्हाला नीट विचारायची राहून गेली, ती आता विचारते. काष्टीच्या बाजारातून तुम्ही रिकामी पिशवी घेऊन घरी यायचात, तेव्हा त्या चोपड्या खरंच विकल्या गेलेल्या असायच्या का? रागावू नका. लहानपणी हाच प्रश्न वेड्यावाकड्या शब्दांत विचारला होता, तेव्हा तुम्ही केलेली शिक्षा माझ्या खांद्याला अजून आठवते. पण आता मी पन्नाशीला टेकले, माझ्या विद्यार्थिनींच्या मुली माझ्या वर्गात येऊन बसायला लागल्या, आणि या वयात मला तुमच्या उत्तराची गरज पडली आहे. कारण मी एक पुस्तक लिहिलं आणि ते कुणी घेत नाही. तुम्ही खरंच विकत असाल तर दोष माझ्यात आहे, माझ्या लिहिण्यात आहे, आणि मग दुसऱ्या पुस्तकाची जी पानं लिहून ठेवली आहेत ती चुलीत घालायला मी मोकळी झाले. तुम्हीही विकत नसाल, तर निदान आपण बापलेक सारखे ठरू. खरं सांगते, मला हे दुसरं उत्तर हवं होतं.

तुम्हाला जाऊन एक जमाना झाला. पहिलं महायुद्ध संपताना आलेल्या मानमोडीच्या तापाच्या साथीत आधी आई गेली आणि तिच्या पाठोपाठ तुम्ही. त्यानंतर आणखी एक महायुद्ध झालं आणि संपलं, आपल्या किल्ल्यात मोठी मोठी माणसं कोंडली गेली आणि सुटली, साखरेसाठी रांगेत उभं राहायची सवय लागली, आणि आता नगरच्या प्रत्येक चौकात स्वराज्य कधी येणार याचीच बोलणी चालतात. एवढ्या गडबडीत एका मास्तरीणबाईचं गोष्टींचं पुस्तक कोण विचारतो, असं मी स्वतःला समजावून पाहिलं. पटलं नाही. कारण त्याच दुकानातून त्याच आठवड्यात लोक पंचांगं नेतात, लोणच्या-पापडांची पुस्तकं नेतात, हस्तरेषा बघायची पुस्तकं नेतात. मग माझंच नेमकं का राहतं? माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. गवळी एखाद्या दिवशी दुधात पाणी घालत नाही, तेव्हाही मी विचार करते की आज का नाही घातलं. त्यामुळे पुस्तक विकलं जात नाही म्हटल्यावर कुणीतरी ते विकू देत नाही, हे मी पहिल्या महिन्यातच ठरवून टाकलं.

पुस्तकाचं नाव 'मंडळी'. नाव तुमचंच आहे. तुम्ही मिशनचे पुस्तकविके होतात, महिन्याचे बरेच दिवस बेलापूर, मिरजगाव, काष्टी असे बाजार करायचात, आणि बाजारात उभे राहिलात की उजवा हात वर करून एकच हाक द्यायचात, "मंडळी, जरा थांबा!" घरात तुमचा आवाज आईच्या आवाजाखाली दबलेला असायचा. तो हाकेचा आवाज तुम्ही कुठे ठेवायचात कोण जाणे. मी लिहिलेल्या गोष्टी त्या बाजारातल्याच माणसांच्या आहेत, हमालांच्या, भाकऱ्या विकणाऱ्या बायकांच्या, बैलांना नाल मारणाऱ्यांच्या. त्यांत कुणी शेवटी शहाणा होत नाही, कुणी दारू सोडत नाही. सगळ्या लिहून झाल्या तेव्हा माझ्या कानात तुमची ती हाक होती, म्हणून तेच नाव दिलं. कानात एक आवाज असला की दुसरं काही ऐकू येत नाही, तसं माझं झालं. या नावाचे आणखी अर्थ होतात हे मला, भाषा शिकवणाऱ्या बाईला, सुचलंच नाही.

तो दिवस मी अनेकदा आठवून बघते. मी दहा-अकरा वर्षांची आहे आणि हट्ट करून तुमच्याबरोबर काष्टीला आले आहे. धान्याच्या बाजाराच्या मागे एक लिंब आहे, त्याखाली तुम्ही उभे आहात, बुटके, काळेसावळे, डोक्याला पांढरा फेटा. पाण्याचा तांब्या सांभाळायचं काम माझ्याकडे आहे. तुम्ही हाक देता, चार माणसं थांबतात, मग दहा. तुम्ही एका चोपडीतून वाचायला लागता. एक दारुडा बाजारात बैल विकतो, पैसे गुत्त्यात उडवतो, आणि अंधारात घरी निघतो तर मागून त्याच बैलाच्या गळ्यातली घंटा ऐकू यायला लागते. तो थांबला की घंटा थांबते. तो चालला की घंटा वाजते. मागे वळून बघायची त्याची हिंमत होत नाही. आणि इथे तुम्ही चोपडी मिटता. "आन मग?" कुणीतरी विचारतं. तुम्ही अगदी साळसूदपणे म्हणता, "मग काय ते म्होरं पुस्तकात हाय." लोक हसतात, कुणी तुम्हाला लबाड म्हणतं, आणि तेवढ्यात मला उन्हानं झोप लागते. जागी झाले तेव्हा बाजार पांगला होता आणि पिशवी रिकामी होती.

म्हणजे मधलं मी पाहिलंच नाही, आबा. कुणी घेतल्या, किती जणांनी घेतल्या, काय बोलून घेतल्या, काही नाही. पाहिलं एवढंच की थांबलेल्यांपैकी निम्म्यांच्या वर अडाणी होते. आगगाडीत बसल्यावर मी ती दारुड्याची चोपडी तुमच्या खिशातून काढून शेवटापर्यंत वाचली. शेवट अगदी मिळमिळीत होता. बैल कुणाच्या तरी दावणीतून सुटून आलेला असतो, दारुडा रडतो, दारू सोडतो आणि रविवारच्या उपासनेला जायला लागतो. मला फसवल्यासारखं झालं. मी म्हटलं, घंटेवर थांबवून हे असलं विकणं म्हणजे लबाडीच की. तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "शेवट मिशनचा हाय, पोरी. थांबनं तेवढं माजं." मग माझ्या डोक्यात आलं की असला शेवट एकदा वाचल्यावर पुढच्या बाजारी कोण घेणार? आणि वाचता येत नाही तो तरी कशाला घेणार? स्टेशनवर उतरल्यावर मी विचारलं, "आबा, तुम्ही चोपड्या नदीत सोडता का?"

तुम्ही हात उगारला नाहीत, ओरडलाही नाहीत. दोन पावलं पुढे गेलात, परत आलात आणि म्हणालात, "संशेव आला का मानसानं आदी वझं उचलून बगावं." पुढच्या बाजारी ती भरलेली पिशवी घरापासून स्टेशनपर्यंत माझ्या खांद्यावर होती. तुम्ही मागून मोकळ्या हातानं चालत होतात आणि ओळखीचं कुणी भेटलं की सांगत होतात, "आज आमचा साहेब तपासनीला आलाय." मी रडले, पण पिशवी खाली ठेवली नाही. आणि स्टेशनवर पोचल्यावर तुम्ही मला घरी परत पाठवलंत! त्यामुळे वझं तेवढं कळलं, विक्री काही कळली नाही. तपासणी अर्धीच राहिली, ती आजपर्यंत.

स्वयंपाकघर मात्र सगळं आठवतं. मिशनच्या आवारातल्या आपल्या दोन खोल्या, मागच्या खोलीत चूल, आणि चुलीच्या वर ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणलेली सुंभाची दोरी. पावसाळ्यात गठ्ठे सर्द व्हायचे, पानांना पानं चिकटायची, म्हणून तुम्ही चोपड्या मधून उघडून त्या दोरीवर टाकायचात. खाली आई भाकरी थापते आहे, वर ओळीनं चोपड्या लोंबताहेत, आणि आई डोळे चोळत म्हणते आहे, "माज्या चुलीवर ही कसली कापडं वाळू घातल्यात?" एकदा एक चोपडी पिठाच्या परातीत पडली. तुम्ही ती झटकलीत, फुंकलीत आणि पिशवीत टाकलीत. पावसाळा संपला तरी ती दोरी निघाली नाही. तुम्हाला ती सवयच झाली होती. घरातली बाकी पुस्तकं आजही माझ्याकडे आहेत, पण त्या चोपड्यांतली एकही शिल्लक नाही, आणि त्यावरून काय समजायचं हेसुद्धा मला अजून ठरवता आलेलं नाही.

तर आता माझ्या पुस्तकाचं काय झालं ते ऐका. पहिला धक्का आपल्याच लोकांनी दिला. पुस्तक आलं त्या रविवारी उपासनेनंतर अंगणात माझ्याभोवती घोळका जमला, आणि मी हरखून गेले. पाळकसाहेबांनी तर तिथल्या तिथे प्रत घेतली. मग एक म्हातारे गृहस्थ चष्मा पुसत म्हणाले, "आमच्या आजोबांचं नाव कितव्या पानावर आहे? पहिल्या बाप्तिस्म्यात ते होते." मला काही उमगेना. दुसऱ्या एक बाई अनुक्रमणिका बघून फुरंगटल्या, त्यांच्या सासऱ्यांनी घंटा दान केली होती तिचा उल्लेख नव्हता. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आपल्यात मंडळी म्हणजे चर्च. नगरच्या मंडळीचा इतिहास बाईंनी लिहिला, अशी बातमी आठवडाभर आधीच पसरली होती. दुसऱ्या रविवारी कुणी माझ्याशी धड बोललं नाही. पाळकसाहेब तेवढे म्हणाले, "चांगलं आहे, पण यात मंडळी कुठे आहे?" हसून म्हणाले, पण त्या हसण्याचा मला अजून संशय आहे.

दुसरीकडे शहरातल्या दुकानात एकही प्रत हलत नव्हती. मी शाळेतून येताना वाट वाकडी करून त्या दुकानावरून जायची. पदर डोक्यावरून पुढे ओढून, एका डोळ्यानं काचेच्या कपाटात बघायची. पुस्तक दिसायचं, पण एक दिवस वरच्या फळीवर, एक दिवस खालच्या. हा माणूस ते मुद्दाम लपवतो असं मी मनाशी पक्कं केलं. शेवटी शेजारच्या पिंजाऱ्याच्या चाचींना गळ घातली. त्यांना पुस्तकाचं नाव पाठ करून घेतलं आणि सांगितलं, भाच्याला हवं आहे म्हणा, माझं नाव काढू नका. चाची बुरखा सावरत गेल्या आणि हात हलवत परत आल्या. म्हणाल्या, "बाई, दुकानवाला भला मानूस हाय हो. बोलला, चाची, पैसे कायको घालवता, मिशनवाल्या बाईचं पुस्तक हाय ते, मिशनमधी फुकट वाटतात. भाच्याला तिकडं पाठवा." मी म्हटलं, त्यानं असं आणखी किती जणांना सांगितलं? चाची म्हणाल्या, "सगळ्यांनाच सांगत असंल. इमानदार दिसला."

आबा, मी त्या रात्री जेवले नाही. वैर असतं तर मी भांडले असते. त्याच्या प्रामाणिकपणाचं मी काय करू? फुकट वाटायची ती हस्तपत्रकं वेगळी आणि तुमच्या चोपड्या वेगळ्या, हे तुम्ही जन्मभर सांगत राहिलात. 'फुकाट न्हाई, मंडळी, फुकाट दिलेलं मानूस वाचत न्हाई', असं म्हणून तुम्ही ढब्बू पैसा का होईना घ्यायचात. आणि तुमच्या मुलीचं पुस्तक तिच्याच गावात, फुकट मिळतं म्हणून कुणी विकत घेत नव्हतं! दुसऱ्या दिवशी मी दुकानदाराला जाऊन समजावलं. त्यानं कान पकडले, पुस्तक पुढच्या फळीवर लावलं, आणि तरीही ते गेलं नाही. म्हणजे दोष एवढाच नव्हता. ते मात्र मी कुणाला बोलून दाखवलं नाही.

मग गेल्या महिन्यात पुण्याच्या छापखानेवाल्यांनी बोलावणं धाडलं. पुस्तक त्यांनीच काढलं होतं, लढाईच्या दिवसांतल्या तांबूस, खरबरीत कागदावर, पण अक्षर देखणं. मी गेले तर गृहस्थ माझ्याकडे न बघता बोलायला लागले. शाळांची पुस्तकं छापायला आली आहेत, जागा पुरत नाही, तुमचे गठ्ठे या महिन्यात हलवा, नाहीतर नाइलाजानं रद्दीवाल्याला द्यावे लागतील. मी विचारलं, खप किती झाला? ते म्हणाले, "तसा उठाव होता, बाई. पण नावानं घोटाळा केला. लोकांना वाटतं बायकोवरचं विनोदी पुस्तक आहे. नवरे हौसेनं घेऊन जातात आणि दुसऱ्या दिवशी परत आणतात. म्हणतात, यात बायकोची चेष्टा कुठेच नाही." चारचौघांत बायकोचा उल्लेख 'आमची मंडळी' असा करायची रीत आहे खरी, तेव्हा मला हे पटलंही. पण माझे पाय आपोआप गठ्ठ्यांकडे वळले. सुतळीच्या गाठी पहिल्या दिवशीच्या होत्या. धूळसुद्धा सारखी, कुठे बोट लागलेलं नाही. मी म्हटलं, "गठ्ठे सुटलेच नाहीत, मग नवऱ्यांनी नेलं काय?" त्यांनी समोरचे कागद सारखे केले. मग हळूच म्हणाले, "बाई, कुणीच नेलं नाही हे तोंडावर कसं सांगायचं?" परत आणणारे नवरेसुद्धा नव्हते, आबा. ते त्यांनी माझ्यासाठी तयार केले होते.

गठ्ठे मालगाडीनं पाठवा असं सांगितलं, आणि एका गठ्ठ्याची सुतळी मी तिथेच उकलून त्यातली पुस्तकं पिशवीत भरली. का भरली ते तेव्हा मलाही नक्की ठाऊक नव्हतं. परतीच्या गाडीत दौंडला बायका चढल्या, टोपल्या, कोंबड्या, गलका. काष्टीचा बाजार होता त्या दिवशी. काष्टी स्टेशन आलं आणि मी नगरचं तिकीट हातात असताना खाली उतरले. पिशवी खांद्यावर घेतली तेव्हा वाटलं, राहिलेली तपासणी आज पुरी करू. बाजार पूर्वीसारखाच होता. तेच कांद्याचे ढीग, तेच बैलांचं फुरफुरणं, तीच धूळ. लिंब होता, पण तो तोच की दुसरा हे काही मी शपथेवर सांगणार नाही. त्याच्याखाली उभी राहिले. उजवा हात वर करायचा आणि हाक द्यायची, एवढंच करायचं होतं. ते झालं नाही. माझ्या घशात 'चूप बसा' होतं, 'ओळीनं उभ्या राहा' होतं, पण तुमची हाक येईना. आणि वर काय झालं, तर माझा चष्मा, माझी पिशवी बघून कुणीतरी बोललं, "देवी टोचनारी बाई आली!" की लागल्या बाया पोरं ओढून पळायला. बघता बघता माझ्याभोवती मोकळं मैदान झालं.

एक म्हातारी तेवढी हलली नाही. ती बाजाराच्या अगदी कडेला ओढ्यालगत केरसुण्या मांडून बसली होती. तिनं मला बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "टोचाय आलाव का?" मी म्हटलं, नाही, पुस्तकं विकायला आले. "फुकाट हाय?" नाही. "मंग इका की. आशा मुक्यावानी का हुब्या?" मी म्हटलं, ओरडता येत नाही. ती हसली. "नाव काय पुस्तकाचं?" मी म्हटलं, "मंडळी." तिचा हात केरसुणीवर होता तो थांबला. "आसं एक पुस्तकवाला म्हनायचा बगा," ती म्हणाली. "मंडळी, जरा थांबा! लई वर्सं झाली. मी तवा नवी नवरी हुते. त्येची चोपडी बी घेतली हुती."

पण तपासणीला आलेल्या तुमच्या साहेबाला लगेच कसं पटेल? असं तर दंतमंजन विकणाराही म्हणतो. मी वर्गात घेते तशी तिची परीक्षा घेतली. दिसायला कसा होता? म्हातारी ठामपणे म्हणाली, "उच्चापुरा, गोरापान. काळी टोपी." झालं. तुमच्यातलं एकही लक्षण जुळत नव्हतं. मला वाटलं, हिला माझ्याकडून काहीतरी हवं आहे, मी पडेल चेहऱ्यानं उभी आहे म्हणून गोड बोलते आहे. मी थोडं तुटकच विचारलं, "वाचता येतं का तुम्हाला?" ती म्हणाली, "न्हाई वो." मग त्याची चोपडी कशाला घेतलीत? तिनं एक केरसुणी उचलून तिचे बांध घट्ट केले, आणि मग म्हणाली, "आमी हितंच बसायचो, वड्याच्या कडंला, लांब. आमास्नी समदे 'ए' म्हनायचे. ए सरक, ए केवढ्याला दिती. आन त्यो आमच्याकडं त्वांड करून म्हनला, मंडळी, जरा थांबा. मी मागं वळून बगितलं. म्हनलं, आपल्या मागं कोन हुबं हाय. तर कुनीच न्हवतं. मंग घेतली चोपडी. दर बाजारी घ्यायचो आमी, आमच्यातल्या समद्या जनी."

हे ऐकूनही मी तशीच उभी होते. ऐकलेलं आवडलं की माझा संशय दुप्पट होतो. तिनं हात पुढे केला, मी एक प्रत दिली. तिनं ती उघडली नाही. ती उलटी धरून नाकाशी नेली आणि जोरात श्वास घेतला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "ह्याला भाकरीचा वास कसा न्हाई?" मी म्हटलं, कसला वास? "त्येच्या चोपडीला यायचा. भाकरीचा, धुराचा. आमच्या पोरानं तर येक क्वापरा चावून खाल्ला."

आबा, चेहरा तिनं साफ चुकीचा सांगितला. पण आपल्या चुलीवरची दोरी तिला कोण सांगणार? ती आपल्या दोन खोल्यांबाहेर कुणाला ठाऊक नव्हती. मी तिच्या शेजारी मातीत बसले. माझे डोळे वाहायला लागले, आणि धूळ गेली असं मी तिला सांगितलं. तिनं ते मानलं, किंवा मानल्यासारखं केलं. तुम्ही विकत होतात, आबा. खरंच विकत होतात. मी उन्हात झोपले होते तेव्हा तुम्ही लिंबाखालून चालत त्या ओढ्याकडे गेला असणार, आणि पिशवी तिथे रिकामी होत असणार. आणि मी मात्र मंडळींवर लिहिलेलं पुस्तक तिच्याकडे सोडून बाकी सगळीकडे पाठवलं.

नातू शाळेत जातो, तो वाचून दाखवेल, असं म्हणून तिनं प्रत पदरात बांधली. तुमची रीत तिला माझ्यापेक्षा नीट आठवत होती. "फुकाट न्हाई घ्यायची," ती म्हणाली, आणि एक नवी कोरी केरसुणी माझ्या हातात दिली. नगरपर्यंत ती केरसुणी मी गाडीत छातीशी धरून आणली. समोरच्या बाकावर आमच्या शाळेच्या एक बाई होत्या, त्यांनी विचारलं, "हे काय, बाई?" मी म्हटलं, पुस्तकाचा मोबदला. त्यांना ती थट्टा वाटली.

गठ्ठे परवा आले. मागच्या खोलीत रचून ठेवले आहेत, त्या केरसुणीनं जागा झाडून. दुसऱ्या पुस्तकाची पानं चुलीत घातली नाहीत, निदान आज तरी नाही. सुंभाची दोरी बाजारातून आणली, चुलीवर ताणली, आणि काही प्रती मधून उघडून तिच्यावर टाकल्या आहेत. अजून नुसता शाईचाच वास येतो. बहुतेक माझ्या भाकऱ्या कमी पडतात, एकटीला दोन पुरतात. पुढच्या बाजारी काष्टीला जायचं म्हणते. म्हातारीच्या नातवानं तिला काय वाचून दाखवलं ते विचारायचं आहे, आणि ती काय सांगेल त्यावर माझा विश्वास बसेल की नाही, याची मला आत्तापासून शंका आहे.

हे पत्र पाठवायचं नाही हे तर ठरलेलंच. पत्ता नाही म्हणून नव्हे, आमचा पोस्टमन लोकांची पत्रं वाचतो असा मला दाट संशय आहे. एवढंच सांगून थांबते. काल दुपारी मी मागच्या खोलीचं दार लावून घेतलं, त्या दोरीखाली उभी राहिले, उजवा हात वर केला आणि जमेल तेवढ्या मोठ्यानं म्हटलं, "मंडळी, जरा थांबा!" भिंतीपलीकडून चाचींनी विचारलं, "कौन आया, बाई?" मी म्हटलं, कुणी नाही. पण आबा, म्हटल्याबरोबर मी मागे वळून बघितलं होतं.